वाजवून घेतलेली बंदूक

त्या वर्षी माझ्या पायांना नुसती भिंगरी लागली होती. घरात बसवत नव्हतं आणि बाहेर जायला निमित्त उरलं नव्हतं. बी.ए. एकदाचं झालं होतं, कसं झालं ते न विचारलेलं बरं, आणि त्यानंतरची दोन वर्षं मी झाशीच्या खंडेराव गेटापासून लक्ष्मी गेटापर्यंत आणि तिथून परत इतक्या चकरा मारल्या होत्या की वाटेतली कुत्रीसुद्धा माझ्यावर भुंकायची थांबली होती. जेवायला बसलो तरी माझा गुडघा हलत असायचा. आई म्हणायची, "मांडी हलवू नकोस रे दिगू, ताट हलतंय." मी थांबायचो, आणि भाताच्या दुसऱ्या घासाला गुडघा आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. आता पासष्टी उलटली, नोकरी संपून वर्षं झाली, तरी ती खोड गेलेली नाही. नात सोफ्यावर शेजारी येऊन बसली की म्हणते, "आबा, भूकंप आ रहा है." तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. परवा तिने कपाटातली माझी बंदूक पाहिली, दस्त्यावरचं ठिगळ बघून नाक मुरडलं आणि विचारलं, "इससे अच्छी नहीं मिली थी क्या?" मिळाली होती. तेच लिहून ठेवतोय, म्हणजे तिला एकदा नीट वाचून दाखवता येईल.

आम्ही तेव्हा खंडेराव गेटाच्या आतल्या बाजूला वरच्या मजल्यावर तीन खोल्यांत राहत होतो. खाली एक तांब्या-पितळेची भांडी दुरुस्त करणारा बसायचा, त्यामुळे सकाळी अण्णांच्या गुळण्या आणि खालची ठोकाठोक हे दोन आवाज बरोबरच सुरू व्हायचे. माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते कचेरीत नकला काढणाऱ्या विभागात कारकून होते आणि त्यांचं अक्षर इतकं सुरेख होतं की वकील लोक हट्टाने त्यांच्या हातची नक्कल मागत. आईचा जन्म झाशीतला, तिच्या आईचाही झाशीतलाच. पुणं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तरी ती बादलीला घंगाळ म्हणायची, सकाळी मेतकूट-भात करायची आणि रविवारी इथल्या पद्धतीची ताकातली महेरी रांधायची, आणि यातलं मराठी काय आणि बुंदेली काय हे तिला विचारलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं. तिचं एक मात्र पक्कं होतं. भांडं म्हणून जे काही घरात येई ते ती वाजवून घेई. मडकं असो, पातेलं असो, कळशी असो, एका हातावर तोलून धरायचं, दुसऱ्या हाताच्या बोटाचं पेर मारायचं आणि कान जवळ न्यायचा. खणखणीत वाजलं की मान हलवायची. नाहीतर "बद्द वाजतंय" एवढं म्हणून भांडं परत दुकानदाराच्या पुढ्यात. खालचा ठोकणारासुद्धा सांधलेलं भांडं गिऱ्हाइकाला देण्याआधी जिन्याखालून हाक मारायचा, "भाभीजी, ज़रा सुन लो."

आमच्याकडे एक तलवार होती. आजही आहे, मुलाकडे. म्यान कधीच गेलेलं, पात्याला मधोमध एक खाच. वर्षभर ती पलंगाखाली जुन्या धोतरात गुंडाळून पडलेली असायची आणि खंडेनवमीला बाहेर यायची. पाटावर तांदूळ पसरून अण्णा तिला मधोमध ठेवत. तिच्या एका बाजूला त्यांचा टाक आणि दौत, दुसऱ्या बाजूला आईची विळी, आणि माझ्या सायकलचा पाना. गंध, फुलं, झेंडू, आणि मग अण्णा दरवर्षी तेच सांगत, की आपले पूर्वज इथे आले ते बारगीर म्हणून नव्हे, शिलेदार म्हणून. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची तलवार घेऊन चाकरीला उभा राहायचा. सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढणारा माणूस त्या दहा मिनिटांत निराळाच दिसायचा. मी लहानपणी ती गोष्ट भारावून ऐकली. विसाव्या वर्षी तीच गोष्ट ऐकताना मला चीड येऊ लागली, कारण घोडा तर नव्हताच, आणि चाकरीही कुठे दिसत नव्हती.

आमच्या बुंदेलखंडात खांद्यावर बंदूक असणं म्हणजे काखेत छत्री असण्यासारखं. ज्याच्याकडे लायसनची बारा बोर, त्याला कुठे ना कुठे गार्डाची नोकरी मिळते, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. बँकवाले पगार देतात, पण बंदूक ज्याची त्याने आणायची. मी गुपचूप अर्ज टाकला. पुढचं दीड वर्ष ठाणं, तहसील आणि कचेरी यांच्यात असं गेलं की त्यावर एक वेगळं पुस्तक होईल. अण्णा त्याच आवारात बसायचे, शस्त्रविभागाचा बाबू त्यांच्याकडे रोज तंबाखू मागायला यायचा, पण अण्णांनी माझ्यासाठी एक शब्द टाकला नाही. त्यांना माझा अर्ज माहीत होता हे मला फार उशिरा कळलं. शेवटी पावसाळा सरता सरता लायसन हातात पडलं. त्यावर बंदूक घ्यायची मुदत लिहिलेली होती, आणि ती दसऱ्याला संपत होती. नवमी-दशमीला दुकानं बंद. म्हणजे अष्टमीपर्यंत घेतली तर घेतली, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून ठाण्याच्या पायऱ्या. त्याच आठवड्यात टहरौली गावातल्या एका छोट्या बँकेच्या मॅनेजरने सांगितलं, "पुराना गार्ड जा रहा है. दशहरे के बाद सोमवार को बंदूक लेकर आ जाओ. नहीं आए तो गाँव का एक लड़का तैयार बैठा है." मी सायकल मारत घरी आलो. त्या दिवशी मला चाळीस किलोमीटर उलटी मारायला सांगितली असती तरी मारली असती.

घरी सांगितलं तेव्हा अण्णा ताक पीत होते. भांडं खाली ठेवून म्हणाले, "चौकीदार होणार?"

"गार्ड," मी म्हणालो.

"टोपी घालून दाराशी स्टुलावर बसणार. येणाऱ्या-जाणाऱ्या बनियाला सलाम करणार. त्याला हिंदीत चौकीदार म्हणतात. मराठीतही दुसरा शब्द नाही."

आणि मग मी बोललो ते बोललो. म्हणालो, "शिलेदार म्हणजे तरी काय होतं, अण्णा? स्वतःचं हत्यार घेऊन दुसऱ्याच्या पगारावर दाराशी उभा राहणारा माणूस. मी निदान बंदूक माझ्या पैशाने घेतोय. तुम्ही तर सरकारच्या टाकाने लिहिता. तुम्ही बारगीर."

हे लिहितानाही माझे कान तापतात. अण्णा उठले, हात धुतले आणि आत गेले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आई मला वाढायची, माझ्याकडे बघायची नाही. मी गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचो, खाली पितळेवर हातोडा पडत राहायचा, आणि शेजारच्या मैदानात रामलीलेची तालीम चाललेली असायची. त्यातला रावण रोज एकच वाक्य चुकायचा आणि मला त्याच्यावर ओरडावंसं वाटायचं. अष्टमीला आठ दिवस उरले होते.

बंदुकांचं दुकान लक्ष्मी गेटाजवळ एका अरुंद बोळात होतं. मालक लालाजी, जाडसर, सदा हसतमुख, आणि मागच्या खोलीत काम करणारा बंदुकांचा कारागीर, त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्ताद बोलायचा कमी. माझे पैसे म्हणजे गल्ला मंडीत, म्हणजे धान्यबाजारात, दोन हंगाम पोत्यांची तोलाई करून साठवलेले. तेवढ्यात सरकारी कारखान्याची नवी एकनळी बसत होती, थोडी काडतुसं वर. लालाजींनी ती काढून समोर ठेवली. मला रडूच यायचं बाकी राहिलं. काळी नळी, पिवळट लाकूड, ना नक्षी ना काही. पाण्याच्या नळाला दांडा बसवला असता तर अशीच दिसली असती. खांद्याला लावून पाहिली तर दस्ता मला आखूड पडत होता. उस्ताद म्हणाला, "छोटा है तो बढ़ जाएगा भैया. चीज़ पक्की है." मी ऐकल्यासारखं केलं.

कारण तोवर लालाजींनी आतून दुसरी आणली होती. विलायती दुनळी. टहरौलीकडच्या एका जुन्या ठाकूर घराण्याची, विकायला ठेवलेली. तिच्या दोन्ही घोड्यांवर, म्हणजे बार उडवणाऱ्या खटक्यांवर, कोरलेली पानं होती, दस्त्यावर चांदीचा वाटोळा तुकडा, आणि लाकूड असं गडद की त्यात तोंड दिसावं. किंमत त्याच पैशांत बसत होती. जुनी आहे म्हणून, असं लालाजी म्हणाले. मी ती हातात घेतली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझा पाय हलायचा थांबला. खरंच सांगतो. मला वाटलं, ही घेऊन मी दाराशी उभा राहिलो तर कोण मला चौकीदार म्हणेल? उस्तादने नळ्या वेगळ्या करून उजेडाकडे धरल्या आणि म्हणाला, "अंदर से देख लो." मी एक डोळा मिटून पाहिलं. आत सगळं लखलखत होतं. मी म्हणालो, "एकदम साफ़ है." उस्ताद नळ्या खाली ठेवत म्हणाला, "तेल अच्छा लगा है," आणि आत निघून गेला. एवढं स्पष्ट सांगूनही ज्याला कळत नाही त्याला गाढव म्हणतात. मी तो होतो.

तिसऱ्या दिवशी अण्णा आपणहून बोलले. दाढी करता करता, आरशात बघत. "घेतोयस तर कुठली घेतोयस?" मी दुनळीचं वर्णन केलं. चांदी, कोरीव पानं, ठाकूर घराणं. अण्णांचा वस्तरा थांबला. संध्याकाळी कचेरीतून ते परस्पर दुकानात आले. योगायोगाने ठाकूरही तिथे होते, सत्तरीचे, पांढरी मिशी, सगळे त्यांना दाऊ म्हणत होते. दाऊंनी अण्णांना बसायला जागा दिली, आमचं आडनाव विचारलं आणि म्हणाले, "अरे, तो आप झाँसी वाले पुराने रावसाहब हैं. हमाए दादा कहत ते, जा चाँदी मराठा सरदार के तोसाखाने की आय." ही चांदी मराठा सरदाराच्या तोशाखान्यातली आहे म्हणे. अण्णांनी चष्मा पुसून तो तुकडा पाहिला, अंगठ्याने चोळला. त्यांचा चेहरा खंडेनवमीला होतो तसा झाला होता. मी बघत होतो आणि मला आनंद होत होता, कारण मला वाटलं, आता हे मला माफ करतील. माझ्या वडिलांना भुलवायचं तर पैशाने, पदाने काही झालं नसतं. सरदार हा एक शब्द पुरला.

अण्णांनी दाऊंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ज़बान दी. अष्टमी को ले जाएँगे." खिशातून बयाणाही काढून दिला, स्वतःच्या. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "जायचंच आहे तर आपल्या घराला शोभेल अशी घेऊन जा." आणि वाटेत मला इमरती खाऊ घातली. वयाच्या एकविसाव्या वर्षी बापाने मिठाई घेऊन दिली म्हणून माझे डोळे भरून आले होते, आणि ते कळू नये म्हणून मी घाईघाईने खाल्ली. एक मात्र सांगून ठेवतो. अण्णांनी शब्द दिला की तो दिला. आमच्या नात्यात एका लग्नाचा शब्द त्यांनी असा पाळला होता की मुलीकडचे स्वतः सोडा म्हणत असताना यांनी सोडला नाही. त्यामुळे बंदूक ठरली, नोकरी ठरली, माझं सगळं मार्गी लागलं असं मी धरून चाललो. तरी झोप लागेना. गुडघा पुन्हा सुरू झाला.

अष्टमीच्या दुपारी आईही आमच्याबरोबर निघाली. घरात येणाऱ्या हत्याराला घरच्या सवाष्णीने कुंकू लावल्याशिवाय ते उंबऱ्याआत आणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. शेवटचं हत्यार घरात कधी आलं होतं कोण जाणे, पण रीत होती. आईने करंडा रुमालात बांधून घेतला, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि रिक्षात बसून आली. तिला बघून लालाजींनी पंखा वाढवला. दाऊ उठून उभे राहिले, "राम राम बाई साब" म्हणाले. आईने पदर सावरला आणि विचारलं, "कुंकू कुठे लावायचं? हिला डोकं कुठलं?" अण्णा हसले. मला वाटतं दोन आठवड्यांत ते पहिल्यांदा हसले.

उस्तादने बंदूक उकलली. दस्ता बाजूला ठेवला आणि नळ्यांची जोडी खालच्या आकड्यात एक बोट अडकवून, लोंबती धरून, आईपुढे केली. आता विचार करतो तेव्हा मला वाटतं, त्याने मुद्दाम तशी धरली. त्याला विचारायला हवं होतं. राहून गेलं. आई कुंकवाचं बोट घेऊन पुढे वाकली आणि तिच्या हातातली पाटली नळीवर आपटली.

आई थांबली. कुंकवाचं बोट तसंच हवेत. मग तिने डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर घेतलं आणि नळीवर मारलं, कान जवळ नेला. पुन्हा मारलं, थोडं खाली. पत्र्याच्या डब्यात वाळू असावी तसा काहीतरी खरखरत, बसका आवाज आला आणि तिथेच मेला.

"ही बद्द वाजतेय," आई म्हणाली.

अण्णा हळूच म्हणाले, "अगं, हे पातेलं नाही."

"पातेलं असतं तर मी एवढ्यात परत केलं असतं," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "याच्यात दारूचा बार उडतो ना? तोंडाशी धरून?"

"गालाशी," मी म्हणालो.

"ती दुसरी कुठली आहे ती आण."

लालाजी म्हणाले, "बहनजी, बंदूक ऐसे नहीं देखते." पण उस्तादने तोवर एकनळीची नळी सोडवून सुतळीला टांगली होती. आईने पेर मारलं. आवाज असा निघाला की बोळातून जाणारा माणूस थबकून आत बघू लागला. टण्ण करून निघाला आणि बराच वेळ घुमत राहिला. आईने मान हलवली. झालं. तिच्यापुरता विषय संपला होता.

मी उस्तादला विचारलं, "उस्ताद, सच बताओ." त्याने आधी लालाजींकडे पाहिलं, मग आईकडे. "अम्माजी ठीक कह रही हैं. दोनों नाल के बीच की पट्टी उखड़ गई है. अंदर जंग ने गड्ढे किए हैं, तेल में दिखते नहीं. पुराना बारूद झेल गई. आज का कारतूस झेलेगी या नहीं, मैं नहीं कह सकता." त्याने फडकं नळीतून फिरवून बाहेर काढलं, दोनदा, तीनदा, आणि माझ्या हातात दिलं. मी उजेडाकडे धरून पुन्हा डोळा लावला. आत देवीचे व्रण असावेत तसे खड्डे होते.

दाऊ खुर्चीत मागे टेकले. त्यांना ठाऊक नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. ते म्हणाले, "हमाए इतै तो ब्याव-काज में चलत ती. दो धमाके, बस." लग्नाकार्यात दोन बार, तेही घरच्या दारूचे. त्यांचा हात मिशीवर गेला आणि तिथेच राहिला. लालाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. आणि मी अण्णांकडे बघत होतो. त्यांनी शब्द दिला होता. मला मनापासून भीती वाटली, दुसऱ्या कशाची नाही, की हा माणूस आता शब्द पाळणार. आणि मी काही बोलू शकणार नाही, कारण ज्या तोंडाने मी त्यांना बारगीर म्हटलं त्याच तोंडाने आता काय सांगू? अष्टमीची दुपार कलत आली होती. दुकान पाचला बंद होणार होतं.

अण्णा उठले. टोपी काढून हातात घेतली. कचेरीत साहेबापुढेही ते टोपी काढत नसत. म्हणाले, "दाऊ साहब, मैंने ज़बान दी थी. आज वापस लेता हूँ. जो कहना हो मुझसे कहिए, लड़के से कुछ न कहिए. बयाना आप रखिए."

दाऊ खुर्चीतून उठले. मग त्यांनी बयाण्याचे पैसे खिशातून काढून अण्णांच्या टोपीत टाकले आणि म्हणाले, "रावसाहब, हमाओ भी एक लरका है." आणि काठी टेकत निघून गेले. दुनळी तिथेच काउंटरवर पडून राहिली, चांदीचा तुकडा वर करून. अण्णांनी तिच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. मला पाहावंसं वाटलं. मी पाहिलं.

उस्तादने चपलेच्या तळाचं जाड चामडं कापून एकनळीच्या आखूड दस्त्याला ठोकून दिलं, माझ्या खांद्याला लावून, काढून, पुन्हा लावून. पैसे घेतले नाहीत. ते चामडं अजून तसंच आहे. माझ्या नातीला जे ठिगळ वाटलं ते तेच. त्या बंदुकीने टहरौलीत आणि नंतर तीन गावांत माझी सगळी नोकरी काढली. एकदाही माणसावर उगारली नाही. दर निवडणुकीला ठाण्यात जमा केली, दर वेळी खात्याने जरा जास्त गंजवून परत दिली, मी घासून काढली. माझ्याबरोबरच्या एका गार्डाची जुनी दुनळी सरावाच्या वेळी फुटली होती. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. तो समोर बसून डबा खायचा तेव्हा मी दुसरीकडे बघायचो.

बंदूक घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अण्णांनी पाट मांडला, तांदूळ पसरले. तलवार आणली, आणि मधोमध न ठेवता जरा कडेला सरकवली. मध्ये एकनळी ठेवली. आईने कुंकू लावलं. मी वाट बघत होतो की आता ते बारगीर-शिलेदार सांगतील. त्यांनी काही सांगितलं नाही. नुसतं टाक उचलून कपाळाला लावला, परत ठेवला आणि म्हणाले, "पोळ्या गार होतायत." मला त्यांच्या पाया पडायचं होतं. पडलोही, पण "चुकलो" हा शब्द घशातून वर आला नाही. नंतरही कधी आला नाही. अण्णा गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली, आणि मला राहून राहून वाटतं की त्यांनी शब्द मागे घेतला तसा मी माझा शब्द मागे घ्यायला हवा होता, तेवढं सोपं होतं ते.

सोमवारी सकाळी अण्णा बसस्टँडवर आले. नको म्हणत असताना आले. बंदूक मी कॅनव्हासच्या खोळीत घातली होती. आईने दिलेला दशम्यांचा डबा त्यांच्या हातात होता. मला कळून चुकलं होतं की कचेरीत त्यांनी मी टहरौलीला शेतीच्या कामाला जातोय असं सांगून ठेवलंय, म्हणून मी खांबामागे उभा राहिलो. नेमका एका वकिलाचा मुन्शी तिथेच बसची वाट बघत होता. त्याने खोळ पाहिली आणि हसत विचारलं, "रावसाहब, लड़का बंदूक लेकर कहाँ चला?"

अण्णा म्हणाले, "नौकरी पे. बैंक में चौकीदार है."

हळू नाही, कुजबुजत नाही. स्टँडवरच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं. ज्या शब्दाने त्यांनी मला टोचलं होतं तोच त्यांनी चारचौघांत स्वतःच्या तोंडाने वापरला, आणि मान ताठ होती. मुन्शी "अच्छा, अच्छा" म्हणून बसच्या वाटेकडे बघू लागला.

मी बसमध्ये खिडकीशी बसलो, बंदूक दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून. अण्णांनी खिडकीतून डबा आत दिला. मग तोच हात परत नेण्याआधी त्यांनी खोळीवरूनच नळीवर बोटाचं पेर एकदा मारलं. जाड कॅनव्हासमधून आवाज कसला येणार, धप्प एवढंच वाजलं. अण्णांनी तरीही मान हलवली, आई पातेलं पसंत पडल्यावर हलवायची तशी, आणि म्हणाले, "ठीक आहे. जा."